कच्ची गाठ

गंजगोलाईत, सराफ लाइनच्या तोंडाशी
एका ओट्यावर माझं दुकान.
दुकान म्हणजे एक पाट, एक खिळा,
पायाच्या अंगठ्याला अडकवलेला रेशमाचा दोरा
आणि समोर चपला काढून बसलेली एखादी बाई,
जिला घाई असते.

मी पाटवेकरी. मणी ओवतो.
चाळीस वर्षांत एवढं कळलं
की तुटलेला दोरा खोटं बोलत नाही.
झिजून तुटला तर टोक केसाळ, म्हाताऱ्याच्या भुवईसारखं.
हिसड्यानं तुटला तर पीळ उलटा फिरलेला,
आणि बाईच्या मानेवर
त्याच दोऱ्याचा लाल फेर.

दोन वर्षांमागं महानंदा हलकुडे आल्या.
औसा रोडला, सकाळी साडेसहाला दूध आणाय निघालेल्या.
मागून गाडी. दोघं.
'काकू, सूर्योदय कॉलनी कुठं आली हो?'
काकू हात वर करून दाखवायल्या,
तेवढ्यात.

दोरा तुटला नाही.
दोरा माझ्या हातचा होता,
मेण लावून पिळलेला, दुहेरी गाठीचा.
तुटला नाही म्हणून काकू पडल्या,
अकरा पावलं फरफटत गेल्या.
अकरा त्यांनीच मोजली, नंतर, रस्त्यावर जाऊन.
मानेला नऊ टाके.
'तुमची गाठ लई पक्की बगा,' म्हणाल्या.
रागानं नाही. तारीफच केली.
त्या दिवशी माझा डबा तसाच घरी गेला.

मग मंगल कार्यालयात पोलिसांची बैठक झाली.
हवालदार तोडकरी मॅडम. आवाज फाटका, माइक त्याहून.
म्हणाल्या, उजव्या कडेनं चाला, गाड्या समोरून दिसतील,
पाठ कुणाला देऊ नका.
पदर दोन्ही खांद्यांवरून.
गाडीवरून पत्ता विचारला तर चार हात लांबून सांगा,
नाही सांगितला तरी पाप लागत नाही.
बायका हसल्या.
'आणि कुणी म्हणलं, मी पोलिस, पुढं खून झालाय,
दागिने काढून रुमालात बांधा,
तर समजा तो पोलिस नाही.
मी आहे पोलिस. मी कुणाचा रुमाल बांधला का कधी?'
मागून एकजण: 'मग लग्नाला काय घालून जावं, मॅडम?'
मॅडमनी आपल्या गळ्याला हात लावला.
काळ्या मण्यांची नुसती सर.
उत्तर तेवढंच.

तवापासून मी एक गाठ कच्ची ठेवतो.
मागं, मानेच्या खळग्यात,
एकच पदर, बिनमेणाचा.
डोक्यावरून घागर उतरवताना टिकते.
लेकराच्या मुठीला टिकते.
गाडीच्या ओढीला सुटते.

गिऱ्हाइकाला आधी सांगतो.
काहीजणी रागावतात. मंगळसूत्राला कच्ची गाठ?
एक सासू तर अर्धा ओवलेला दोरा उचलून
समोरच्या ओट्यावर गेली.
बाप म्हणायचा, आपली गाठ म्हणजे आपली जबान,
माणूस सुटंल, गाठ सुटू नये.
बापा, तुझ्या काळात
लातुरात मोटारसायकली किती होत्या?

मागच्या मंगळवारी महानंदाकाकू पुन्हा आल्या.
आता गल्लीतल्या पाचजणी मिळून दुधाला जातात,
एकीच्या हातात शिट्टी, शाळेच्या गॅदरिंगमधली.
सोनं बँकेत. गळ्यात मणीच घालणार.
ओवून झाल्यावर म्हणाल्या, 'ओढून दाखवा.'
'काकू, आत्ताच तर बांधली.'
'ओढा.'
त्यांनी मान पुढं केली. टाक्यांची रेघ दिसली.
माझा हात काही उठंना.
शेवटी त्यांनीच मुठीत धरून हिसडा दिला.

गाठ सुटली. मणी पाटावर, पाटाखाली, नालीच्या फरशीवर.
काकू मानेवरून हात फिरवत राहिल्या, कितीतरी वेळ.
मग खाली बसून मोजाय लागल्या.
दोन कमी भरले.
आम्ही दोघं ओणवे होऊन
त्या दोन मण्यांना शोधत होतो,
आणि रस्त्यानं जाणारी माणसं विचारीत होती,
काय हरवलं?